घायतडक सरांचं ऑनलाइन मार्गदर्शन

१ जानेवारी १९९९, शुक्रवार
आजपासून डायरी. कुणालाही दाखवायची नाही. टी.वाय.ची परीक्षा एप्रिलमध्ये, विषय फिजिक्स. संकल्प: पहाटे उठणे, रोज एक प्रकरण संपवणे, फर्स्ट क्लास. आज उठायला नऊ वाजले. उरलेली सकाळ संकल्प लिहिण्यात गेली. वाया गेली असं म्हणता येणार नाही.
रूम-पार्टनर मच्छिंद्र गच्चीवर फेऱ्या मारत मोठ्याने पाठ करतो. नगरचा अख्खा पाइपलाइन रोड ऐकतो. जुनी पद्धत. त्याची कीव येते.

५ जानेवारी
मोठी बातमी. चौकातल्या नेट कॅफेचा मालक तुषार सकाळी केडगावला कॉम्प्युटरचा क्लास घ्यायला जातो. तेवढा वेळ कॅफेत बसशील का, बदल्यात नेट फुकट, असं त्याने विचारलं. लगेच हो म्हटलं. सकाळी गिऱ्हाईक नसतं. एवढी शांत जागा सावेडीत दुसरी नाही. शिवाय जगातली सगळी विद्यापीठं समोर.
दादांना फोन केला. ते जामखेड एस.टी. स्टँडवर कंट्रोलर आहेत. आधी "जामखेड स्टँड" म्हणतात, मग मुलाचा आवाज ओळखतात. यापुढे अभ्यास इंटरनेटवर, असं सांगितलं. म्हणाले, "बरं. पण पुस्तक हाय ना जवळ?"
पुस्तक आहे. ऑप्टिक्सचं तर नवंकोरं आहे.

१२ जानेवारी
पुस्तक उघडण्याआधी अभ्यास कसा करावा याचा अभ्यास झाला पाहिजे. एका अमेरिकन विद्यापीठाच्या पानावर 'अभ्यासाच्या सवयी' असा भाग आहे. पूर्ण वाचला. दुसऱ्या विद्यापीठाचाही. दोघांचं विश्रांतीबाबत एकमत आहे. विश्रांती सुरू केली.

१९ जानेवारी
वाद्यसंगीत ऐकत अभ्यास केला तर मेंदू वेगाने चालतो, असं वाचलं. एक गाणं डाउनलोडला लावलं. एकाच गाण्याला सकाळ जाते. आज जवळजवळ सगळं उतरलं आणि लाइन कट झाली. परत पहिल्यापासून. मधल्या वेळात अभ्यास करता आला असता, पण संगीताशिवाय केलेला अभ्यास टिकत नाही.

२२ जानेवारी
गाणं उतरलं. फ्लॉपीत मावत नाही. मावलं असतं तरी रूमवर कॉम्प्युटर नाही, हे नंतर लक्षात आलं. मच्छिंद्रला कॅफेत बोलावून ऐकवलं. तो खुर्चीतच झोपला. उठल्यावर म्हणाला, "लई बेस झोप लागली रे." मेंदूवर परिणाम होतो हे सिद्ध झालं.

१ फेब्रुवारी
एवढं ज्ञान स्वतःपाशी ठेवणं बरोबर नाही. विद्यार्थ्यांना आधार देण्यासाठी ई-मेलचा ग्रुप काढला. नाव 'विद्यार्थी मार्गदर्शन कट्टा'. मेलच्या शेवटी आपोआप सही येते: एम. आर. घायतडक, संचालक. पहिला संदेश 'वेळेचे नियोजन' या विषयावर पाठवला. तो लिहिण्यात कॉलेजची तीन लेक्चर्स बुडाली.

९ फेब्रुवारी
कट्ट्यावर पहिली सदस्य. संगमनेरची मोनिका. तीही टी.वाय. फिजिक्स, आपलंच विद्यापीठ. गेल्या वर्षी नापास झाली, आता परत बसतेय. भावाच्या कॉम्प्युटर क्लासमधून मेल करते. सुरुवात 'आदरणीय सर' अशी. मी सर नाही, हे लगेच कळवणार होतो. पण ऐन परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थ्याचा विश्वास डळमळीत होऊ देऊ नये. नंतर कळवू.

११ फेब्रुवारी
मोनिकाला टाइमटेबल करून दिलं. रंगीत. प्रत्येक विषयाला वेगळा रंग. स्वतःसाठीही एक करायचं आहे.

१८ फेब्रुवारी
इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिण्यात धोका आहे. 'ताण घेऊ नका' असं लिहिलं होतं. तिने उत्तर दिलं, "सर, मी तान घेतच नाही. मला गाता येत नाही." खुलासा केला. तिने हसल्याचं चिन्ह पाठवलं. संचालकाला असं चिन्ह परत पाठवावं की नाही, यावर बराच विचार केला. पाठवलं नाही. मग दुपारी पाठवलं.

२५ फेब्रुवारी
मोनिकाची ऑप्टिक्समधली शंका: न्यूटन्स रिंग्जमध्ये मधला ठिपका काळा का दिसतो? चांगली शंका. मलाही कधीपासून होती. मच्छिंद्रला विचारलं. तो गच्चीवर फेऱ्या मारता मारता सांगत गेला, मी मागे चालत उतरवून घेतलं. घाईत समजून घेता आलं नाही. तसंच टाइप करून पाठवलं. तिचा मेल: "सर, इतकं सोपं कुणीच सांगितलं नव्हतं."
मच्छिंद्र विचारतो, "तुला कळलं का पन?" त्याला म्हटलं, मार्गदर्शकाने तपशिलात अडकायचं नसतं.

२ मार्च
होळी. आईने पुरणपोळ्या एस.टी.ने पाठवल्या. स्टँडवर जाऊन कंडक्टरकडून डबा घेतला. सोबत दादांची चिठ्ठी: "प्रिलिम कधी आहे?" आठ तारखेला आहे. ऑप्टिक्स पहिला. अजून सहा दिवस, म्हणजे तसं पाहिलं तर एक आठवडा.

८ मार्च
आजचं नीट लिहिलं पाहिजे.
साडेदहाला प्रिलिम. त्याआधी पाच मिनिटं मेल बघायला कॅफेत गेलो. मोनिकाचा मेल होता. टाइमटेबलबद्दल काही नाही, रंगाबद्दल काही नाही. लिहिलं होतं, "सर, मी परीक्षेला बसणार नाही. पुस्तक उघडलं की हात गार पडतात. परत नापास झाले तर घरात तोंड दाखवता येणार नाही. राहुरीचं एक स्थळ आलंय, घरच्यांना हो म्हणून टाकते. तुमचा वेळ घेतला, माफ करा."
अमेरिकन विद्यापीठाची पानं उघडली. त्यात हात गार पडण्याबद्दल काही नव्हतं. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा जे सुचलं ते लिहिलं. लग्न करायचं असेल तर खुशाल करा, पण हे टाळण्यासाठी ते करू नका. फर्स्ट क्लासचं मनातून काढा. आज फक्त एक पान वाचा. तेही आईशेजारी स्वयंपाकघरात बसून वाचा, एकटीने नको. वाचून झालं की मला एकच शब्द पाठवा, 'वाचलं'. मी इथे बसलोय.
मग बसलो. लाइन तीनदा गेली. तुषार क्लासवरून आला आणि म्हणाला, "अरे, तुझा पेपर होता ना?" होता. त्याला म्हटलं, एक मेल यायचाय.
दुपारी तीनला आला. 'वाचलं.'
प्रिलिम हुकली. प्रिलिमचे मार्क तसेही कुठे धरत नाहीत.

१८ मार्च
मोनिका रोज एक शब्द पाठवते. आता पानं वाढली आहेत. राहुरीवाल्यांना परीक्षेनंतर बघू म्हणून सांगितलंय. मला बरं वाटलं. ते एक मार्गदर्शक म्हणून.
स्वतःचा अभ्यास परवापासून. उद्या टाइमटेबल रंगवायचं आहे.

५ एप्रिल
परीक्षा सुरू. पहिला पेपर ठीक. मच्छिंद्र रात्रभर जे बडबडतो ते गच्चीवरून ऐकून बरंच डोक्यात बसलेलं आहे. त्याच्या पद्धतीत काही चांगल्या बाजू आहेत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

१२ एप्रिल
ऑप्टिक्स. मधला ठिपका काळा का, हा प्रश्न आला. त्याचं उत्तर मी स्वतः टाइप केलेलं. उत्तर डोळ्यांसमोर दिसत होतं, पण इंग्रजी अक्षरांतलं मराठी. पहिली ओळ आठवली: "आदरणीय मोनिका, आपली शंका रास्त आहे." त्यापुढचं आठवलं नाही.
बाहेर आल्यावर मच्छिंद्र म्हणाला, "आज तर सगळं आपलंच आलं हुतं की." मी त्याला चहा पाजला.
मोनिकाचा मेल: तो प्रश्न तिने पूर्ण लिहिला.

१४ एप्रिल
जयंतीला जामखेडला. मिरवणुकीत नाचायचं नाही असं ठरवलं होतं, परवा एक पेपर बाकी. थोडंसंच नाचलो. दादा स्टँडची ड्यूटी करून निळा फेटा बांधून आले. चार लोकांत म्हणाले, "आमचा महेंद्र इंटरनेटवर पोरांना शिकवतोय." मी कधीतरी बोललो होतो, ते यांनी लक्षात ठेवलं. माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. पेपर कसे गेले, असं कुणी विचारायच्या आत परत मिरवणुकीत शिरलो.

२४ जून
निकाल. कॉलेजच्या बोर्डासमोर गर्दी. मच्छिंद्रने आधी माझा नंबर बघितला, मग स्वतःचा. तो फर्स्ट क्लास. मला म्हणाला, "तुझा एकच राह्यलाय. ऑप्टिक्स. आक्टोबरला निघून जाईल." माझी सायकल त्याने हातात धरून रूमपर्यंत आणली. मी शेजारून चालत आलो.
पेपर तपासणाऱ्याची चूक असण्याची दाट शक्यता आहे.
स्टँडवर फोन केला. "जामखेड स्टँड." मी म्हटलं, दादा, मी एका विषयात गेलो. मागे करमाळा गाडीचा पुकारा चालू होता. तो संपेपर्यंत ते थांबले. मग विचारलं, "कोणता?" ऑप्टिक्स. "म्हंजी काय असतं त्यात?" मला एका वाक्यात सांगता आलं नाही. ते म्हणाले, "बरं. जेवला का तू?"
जेवलो म्हटलं. जेवलो नव्हतो.

२५ जून
मोनिका पास. हायर सेकंड क्लास, ऑप्टिक्समध्ये सर्वांत जास्त मार्क. खाली लिहिलंय: वडिलांना घेऊन रविवारी नगरला येते, सरांचे आभार प्रत्यक्ष मानायचे आहेत. कॅफेचा पत्ता तिच्याकडे आहे. मीच सहीत टाकला होता.
सर परगावी आहेत, असा मेल लगेच पाठवला.

२६ जून
मेल गेलाच नव्हता. लाइन कट झाली होती. आज दिवसभर लाइन नाही.

२७ जून, रविवार
दहाच्या सुमारास आले. तिचे वडील पांढऱ्या टोपीत, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली शाल आणि नारळ. ती माझ्याच वयाची, चष्मा. वडिलांनी विचारलं, "घायतडक सर कुठं बसतात?" मी म्हटलं, सर पुण्याला गेलेत. वडील म्हणाले, मग थांबतो की. मी म्हटलं, मुक्कामाला गेलेत. वय काय सरांचं, असं त्यांनी विचारलं. मी साठ सांगितलं.
तेवढ्यात तुषार आत आला. "घायतडक, प्रिंटरची शाई कुठे ठेवलीस?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, सर माझे चुलते. तुषारने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि शाई शोधायला निघून गेला.
वडिलांचं समाधान झालं. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "आमची पोरगी तर पुस्तक फेकून बसली हुती. तुमच्या चुलत्यांनी एक पान वाचायला लावलं, तेबी आईजवळ बसून. आमाला घरात असून सुचलं न्हाई. लई मोठा माणूस."  सांगतो त्यांना, म्हटलं.
मोनिका नुसती बघत होती. मग विचारलं, "तुम्ही काय करता?" टी.वाय. फिजिक्स. "निकाल?" ऑप्टिक्स राहिला. "त्यातलं काय अडलं?" मधला ठिपका, म्हटलं.
तिने मग वडिलांचा चष्मा मागून घेतला आणि काउंटरच्या काचेवर पालथा ठेवला. म्हणाली, "हे भिंग, ही काच. टेकलेत तिथे मध्ये हवा नाहीच असं धरा. मग दोन किरणांतला फरक किती?" काहीच नाही, म्हटलं. "पण खालच्या काचेवरून परत येताना एक किरण अर्ध्या तरंगलांबीने उलटा होतो. दोन्ही एकमेकांना खोडतात. मग काय दिसेल?" मी म्हटलं, काळं. ती म्हणाली, "एवढंच."
कळलं. खरोखर कळलं. वडील चष्मा परत मिळायची वाट बघत होते.
ते रिक्षा बघायला बाहेर गेले, तेव्हा तिने शाल आणि नारळ माझ्या हातात दिला. म्हणाली, "ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला गणितं मेल करते. चुलत्यांच्याच पत्त्यावर पाठवते, चालेल ना?" एवढं बोलून हसली. मी म्हटलं, चालेल. ती म्हणाली, "पहिलं 'वाचलं' पाठवलं त्या दिवशी तुमचाही पेपर होता ना? प्रिलिमचं वेळापत्रक सगळ्या कॉलेजांना एकच होतं, ते मला आत्ता लक्षात आलं." मी म्हटलं, प्रिलिमचे मार्क धरत नाहीत. ती म्हणाली, "तरी."
रिक्षा गेल्यावर तुषारने विचारलं, ही शाल कुणाची? चुलत्यांची, म्हटलं.

४ जुलै
गणितं आली. सुरुवात नुसती 'महेंद्र' अशी. सर गेले ते गेलेच. सही काढून टाकली. कट्टा चालू ठेवलाय, तिथे परभणीचा एकजण घाबरलेला आहे, त्याला सकाळी चार ओळी लिहिल्या. मोठ्या नाहीत.
मग रूमवर येऊन गणितांसाठी ऑप्टिक्सचं पुस्तक काढलं. छापखान्यात कापायची राहून गेलेली बरीच पानं कडेला अजून एकमेकांना जोडलेली निघाली. दुकानातून आणली तशीच. पट्टी घेऊन एकेक सोडवत बसलो. पानं फाटू नयेत म्हणून सावकाश. संध्याकाळपर्यंत तेवढं झालं.
अभ्यासाला सुरुवात झाली, असं धरायला हरकत नाही.