शिल्लक दाब

३ तारीख, सोमवार
आलो एकदाचे! ऑक्सिजन भरायच्या कारखान्यात नोकरी आणि मागेच राहायला दोन खोल्या. पलंग ताईला खिडकीपाशी हवा होता, मला दारापाशी. अर्थात खिडकी जिंकली. तिची फुप्फुसं अर्ध्यावर आलीत, श्वास दोन आखूड, एक लांब असा चालतो, पण माझ्यावर हुकूम सोडायला तेवढी पुरतात. तिला दिवसभर ऑक्सिजन लागतो आणि इथे कामगारांच्या घरी सिलिंडर मिळतो, म्हणून तर ही नोकरी धरली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आता माझी पाळी.

४ तारीख
मिस्त्रींनी काम शिकवलं. परत आलेला प्रत्येक सिलिंडर मी तपासायचा: गंज, आटे, मग हातोडीचा हलका टोला. चांगला सिलिंडर घंटेसारखा वाजतो. डोक्याला तेल चोपडून गेलो होतो, तर मला दारातूनच पिटाळलं. तेलाशी ऑक्सिजनची गाठ पडली की भडका उडतो म्हणे. डोकं धुऊन, कोपरापर्यंत साबण लावून आलो तेव्हा कुठे आत घेतलं.
सगळ्यांत मोठा नियम म्हणजे सिलिंडर पूर्ण रिकामा होऊ द्यायचा नाही. आत थोडा दाब शिल्लक असला की बाहेरचं काही शिरत नाही. व्हॉल्व्ह उघडा राहून आलेला सिलिंडर बाजूला ठेवायचा, आतून धुवायचा, वाळवायचा, मगच भरायचा. मी विचारलं, बाहेरचं म्हणजे ओल आणि धूळच ना? मिस्त्री म्हणाले, बहुतेक वेळा.
दिवसभर उभ्याचं काम आहे. बरंच झालं, मला एका जागी बसवतंय कुठे!

८ तारीख, शनिवार
आज एक तसाच आला. व्हॉल्व्ह सताड उघडा, दाबाचा काटा शून्यावर. ट्रकवाल्यानं सांगितलं, एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्याचा आहे. मास्क तोंडावर असतानाच तो गेला आणि तीन दिवस कुणाला पत्ता नव्हता. सिलिंडर कधीच संपला होता, नळी मात्र तोंडाशीच.
टोला दिला. नाद आला, पण जरा थांबून.
खरं ते लिहितो. घरचा सिलिंडर संपत आला होता, भरलेले सगळे ट्रकमधून गेले होते, भरण्यासारखा दुसरा उरला नव्हता, आणि धुवायचं यंत्र सोमवारशिवाय चालू होणार नव्हतं. मी तो न धुताच भरला आणि घरी नेला. एकदा केलं म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?

९ तारीख
ताईला गाढ झोप लागली. उठल्यावर विचारलं, जिन्याची कडी लावली का? आमच्याकडे जिना नाही. मी हसलो. ती हसली नाही.
काटा कालच्याच जागी आहे. अडकला असेल, उद्या बदलतो.

११ तारीख
काटा बदलला. नवा तर त्याहून वर दाखवतोय. ताई वापरतेय आणि आतलं वाढतंय! कामात लक्ष नाही, चारदा घरी पळत आलो. पाणी दिलं तर ताई मला ‘तुम्ही’ म्हणाली. उभ्या जन्मात मला ‘गाढवा’शिवाय हाक नाही, आणि आज ‘तुम्ही’!

१२ तारीख, सकाळ
मिस्त्रींपाशी सगळं कबूल केलं. शिव्या खाईन म्हणून मान खाली घालून उभा होतो. त्यांनी हातातली हातोडी खाली ठेवली. म्हणाले, माणूस जाताना व्हॉल्व्ह उघडा राहिला की सिलिंडर द्यायचं विसरतो, ओढायला शिकतो.
दुसरा घेऊन धावलो. जोडला. ताईची छाती हलत नाही—
जुन्याचा काटा हलतोय. दोन आखूड, एक लांब. हा तिचाच श्वास आहे, मी ओळखतो.

थोड्या वेळानं
मिस्त्री दार ठोठावतायत. सिलिंडर मैदानात नेऊन मोकळा सोडू म्हणतात. मोकळा? आत ताई आहे! कडी लावून घेतलीय.
चूक माझी. फक्त माझी.

नुसता उघडला तर ती हवेत विरेल. तिला छाती हवी. तिची गार पडली— माझी आहे की. धडधाकट.
मास्क लावलाय. डाव्या हातानं व्हॉल्व्ह—
काटा उतरतोय. ये गं, भरपूर जागा आहे.
छातीत जड— ताई, लवकर ये, तुझ्याआधी कुणीतरी शिर—