खरवडलेल्या कागदाची रेकॉर्ड

मी, खुशाल श्रावण नंदागवळी, वय ७३, पूर्वीचा धंदा लाउडस्पीकर भाड्याने देणे, हल्ली काही नाही, राहणार आमगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डोळे अधू झाले, कान चांगले आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ कोणी राहिलेले नाही.

१. पत्नी सुलोचनाबाई २००४ साली वारली. मूलबाळ नाही. राहते घर पुतण्या राजदीप याला द्यावे. तो वर्षातून एकदा येतो आणि चहा होईपर्यंत भिंती पाहतो.

२. बँकेत जे असेल ते विहाराच्या अभ्यासिकेला.

३. चार भोंगे इंद्रकुमार लाउडस्पीकरवाल्याला. माझा ॲम्प्लिफायर त्याने १९८३ साली एका दिवसासाठी नेला होता. तोही आता त्यानेच ठेवावा.

४. पंचेचाळीस फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड, एक नग. पाकीट नाही. मधले कागद दोन्ही बाजूंनी ब्लेडने खरवडलेले. ते काम माझे आहे.

आमच्या धंद्यात जी रेकॉर्ड लोक पुन्हा पुन्हा मागत, तिचा कागद खरवडायची रीत होती. नाव वाचून दुसऱ्या स्पीकरवाल्याने ती मागवू नये म्हणून. ही मी १९७६ साली नागपुरात एका ठेल्यावर घेतली. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे गाणे आहे. एक बाई गाते, मागे पेटी आणि ढोलकी. सुरुवातीला ती किंचित हसते, मग आवाज लावते. पहिल्याच आठवड्यात मी ब्लेड घेतले. नावे नीट वाचलीही नव्हती.

१९७९ साली सालेकशाच्या एका लग्नात, कडेवर मूल घेतलेली एक बाई मशीनपाशी आली.

"भाऊ, हा आवाज माहा होय. तव्यावर नाव असन. दाखव मले."

मी रेकॉर्ड दाखवली. ती खरवडलेल्या जागेवर बोट फिरवत राहिली. मंडपातला एक जण म्हणाला, "बाई, मंग ढोलकी मीच वाजवली." सगळे हसले. मीही हसलो. ती गेली.

सुलोचनाबाई गेल्यावर मी घरात ही रेकॉर्ड लावू लागलो आणि गाणारी कोण हे मला कळेना. शोधाला अकरा वर्षे लागली. नागपूरची कंपनी कधीच बंद झाली होती. मालकाच्या विधवेने सांगितले की तीनशे नग काढले होते, वह्या रद्दीत गेल्या, गाणारी-वाजवणारी पोरे साखरीटोल्याची होती. साखरीटोल्यात मी घरोघर मोबाइलवर गाणे ऐकवले. सुकराम मडावी यांनी तिसऱ्या ओळीला हात वर केला.

"थांब. इथं पेटी चुकली. हे चूक माहीच होय."

गाणारी रुख्मा, असे त्यांनी सांगितले. पार्टीला एकच नग मिळाला, तो फुटला. तिने गाणे म्हटले यावर सासरी कोणाचा विश्वास नव्हता. सासू लोकांसमोर तिला खोटारडी म्हणायची. त्या लग्नात सासू मंडपातच बसली होती.

ब्लेडचे मी सांगितले. "तुनंच नाव खरवडलं, न आता मलेच इचारून राहिला?" सुकराम म्हणाले.

रुख्माबाई २००९ साली वारली. त्या लग्नानंतर तिने गाणे म्हटले नाही. तिची मुलगी अंजू सालेकशाला असते. तिच्याकडे मी मशीन घेऊन गेलो. तिने दोनदा ऐकले.

"माह्या मायले हसताना मी कधी पाह्यलं नाही. हे दुसरी कोनी असन," ती म्हणाली. मग, "कागद हाय का काही?"

मी नाही म्हणालो. तिने चहा दिला. मशीन उचलायला मदत केली.

५. कागद नव्हता, म्हणून हा करतो. मी शपथेवर लिहितो की वर लिहिलेल्या रेकॉर्डमधील आवाज रुख्माबाईचा आहे, ती खरे बोलत होती, आणि तिचे नाव मी खोडले. अंजूने हे मानलेच पाहिजे असे नाही. रेकॉर्ड, मशीन आणि या मृत्युपत्राची नक्कल तिला द्यावी. राजदीपने स्वतः जावे, पोस्टाने पाठवू नये. ती नाही म्हणाली तर पुढच्या वर्षी पुन्हा जावे.

सुकराम यांना माझे घड्याळ द्यायचे होते. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणाले. सुकराम म्हणाले, "मंग साक्षीच देतो."

ठिकाण: आमगाव. दिनांक: १९ ऑगस्ट २०२४.

सही: खुशाल श्रावण नंदागवळी

साक्षीदार:
१) शालीकराम डोमा बिसेन, शेजारी. सही.
२) सुकराम मडावी, साखरीटोला. डाव्या हाताचा अंगठा. मजकूर त्यांना वाचून दाखवला. कलम ५ त्यांनी दोनदा वाचायला लावले, दुसऱ्यांदा मोठ्याने.