नऊ इंचांची वीत

दि. ४ फेब्रुवारी

चि. झिपऱ्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुला एक आजी आहे, हे कुठे लिहून ठेवलंयस का? मला लिहिता येत असतं तर मीच चिठ्ठी करून तुझ्या खिशात घातली असती. तुझं मागचं पत्र आलं तेव्हा शेजारच्या मास्तरीणबाईंना चष्मा नव्हता. आता त्याचा नंबरही वाढला. हे पत्र त्याच लिहून घेताहेत आणि या वाक्याला नाक मुरडताहेत.

कामाचं ऐक. तुझ्या आजोबांना दवाखान्यातून घरी आणलं. नाकाला नळी, नळीला हवेचं मशीन. ते दिवसरात्र चालायला हवं. पण वरच्या मजल्यावर पाण्याची मोटर लागली की दिवे पिवळे पडतात, मशीन शिट्टी मारून बंद होतं आणि हे तोंड उघडून माझ्याकडे बघत राहतात. मी जिन्यात जाऊन ओरडते, दुसरं काय करणार. वायरमन म्हणतो, खांबावरून घरात येणारी वायर बारीक आहे, जाड टाका. किती जाड म्हटलं, तर छताकडे बघतो. तू विजेच्या पेट्या बनवतोस ना, तू सांग.

तुझी,
आजी

दि. ११ फेब्रुवारी

ती. आजीस,

सा. न. वि. वि. कान पकडले. मशीन, मोटर, फ्रिज, सगळ्यांचा भार मांडून पाहिला. खांब लांब आहे, म्हणून वीज वाटेतच दमते. सोळा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागेल, वरच्या वेष्टणासकट तुझ्या अंगठ्याएवढी. अशी वायर हट्टी असते, तिला वळायला जागा लागते. छोट्या पेटीत कोंबली तर जोड सैल होऊन तापतात. म्हणून मीटरची पेटीही मोठी हवी. ती मी इथे बनवतो. पण गल्ली अरुंद, पेटी भिंतीतल्या कोनाड्यात पूर्ण आत बसायला हवी. कोनाड्याचं माप टेपने घेऊन कळव.

तुझा,
झिपऱ्या

दि. १८ फेब्रुवारी

चि. झिपऱ्यास,

अनेक आशीर्वाद. टेपवरचे आकडे मला मुंग्यांसारखे दिसतात. मास्तरीणबाईंना स्टुलावर चढवलं असतं तर घरात दोन पेशंट झाले असते. म्हणून मीच चढले. रुंदी दोन वीत, उंची तीन वीत, चोख. तुझी सगळी झबली याच वितीवर बेतली, एक आखूड झालं नाही. आजोबा रोज विचारतात, पेटी निघाली का. दोन शब्दांत विचारतात, तिसऱ्याला दम पुरत नाही. घाई कर.

आजी

दि. ३ मार्च

ती. आजीस,

सा. न. पेटी आज पाठवली. अठरा इंच रुंद, सत्तावीस उंच, त्यातून बसवायला दोन्हीकडे सुताएवढी कमी. शाळेत असताना तुझी वीत मी पट्टीवर मोजली होती, बरोबर नऊ इंच. म्हणून पुन्हा विचारलं नाही. आजोबांना सांग, आता हवेत पोहा.

झिपऱ्या

दि. १२ मार्च

चि. झिपऱ्यास,

आशीर्वाद. पेटी देखणी आहे. बसत नाही. वायरमनने मोजलं, कोनाडा पंधरा इंच रुंद. एका बाजूला इमारतीचा खांब, दुसरीकडे पाण्याची नळी. तासायलाही जागा नाही. विजेच्या ऑफिसचे साहेब येऊन गेले. भला माणूस. म्हणाले, पेटी बाहेर आलेली चालणार नाही आणि छोट्या पेटीत ही वायर चालणार नाही. मग चालणार काय, विचारलं, तर पाणी प्यायले आणि गेले.

मी मास्तरीणबाईंपुढे हात टेबलावर पसरला. त्यांनी पट्टी लावली. साडेसात इंच. बोटं सांध्यांतून वाकून कधी आत आली, मला कळलंच नाही. ती रोज माझ्याच डोळ्यांसमोर होती रे.

आजी

दि. २० मार्च

ती. आजीस,

सा. न. चूक माझी. तुझा हात तेवढाच राहिला असेल असं मी धरून चाललो. नवी पेटी अरुंद आणि खोल आखली आहे; वायर खालून सरळ आत येईल, वळायला नको. पण पत्रा, रंग आणि तपासणी मिळून तीन आठवडे. रजा मागितली, मिळाली नाही. तोवर वरच्यांना विनंती कर. मला इथून दुसरं काही सुचत नाही.

झिपऱ्या

दि. २८ मार्च

चि. झिपऱ्यास,

अनेक आशीर्वाद. स्वतःला बोल लावू नकोस, तेवढंही माझ्याच वाट्याचं आहे. वरच्यांनी मोटर आठवड्यातून दोनदाच लावायचं कबूल केलं. बिचारे बादल्या चढवतात. पण संध्याकाळी सगळ्या गल्लीची वीजच मंदावते. त्याची विनवणी कुणाला करायची? तेव्हा मी पुठ्ठ्याने वारा घालते. त्याने काही होत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. ते बरं वाटतंय म्हणतात, मी वारा घालते.

डॉक्टर काल म्हणाले, आता मागतील ते खाऊ द्या. मला कळलं. पेटी कर, घाईत वाकडी करू नकोस. झबल्याच्या शिवणीत सोडतात तशी पेटीलाही माया सोड, नुसती पत्रापुरती राखून ठेवू नकोस.

त्यांनी खजूर मागितले आहेत. मऊ बघून, बिया काढून पाठव. पेटीसोबत नको, आधी पाठव. जास्त नकोत, पावशेर पुरेत.

आजी