आईच्या मासळीची ट्रॉली

१२ जानेवारी २०१८, हैदराबाद

ट्रॉली बनवतोच! मोटारसायकलच्या मागं लागंल अशी. आईले कंडक्टरनं आज पुन्हा उतरवलं — मासळीचा वास येते म्हणे. टोपलं डोक्यावर घेऊन पवनीच्या बाजारापर्यंत पायी गेली. बहीण रंजूनं फोनवर सांगितलं. आमच्या ट्रकबॉडीच्या कारखान्यात पत्र्याचे तुकडे पडूनच राहतात. मालक म्हणाला, घे.

२१ जानेवारी

चौकोनी डबा केला. रस्त्यावर काढला तं कोणी मागून पकडून ठेवल्यासारखी गाडी जड. वारा!

२८ जानेवारी

पत्र्यावर लोकरीचे धागे चिकटवले. सोबतचा वेल्डर दुसऱ्या गाडीवर पाहत आला. समोरचे धागे सरळ, मागचे पागल झाले म्हणे. म्हणजे वारा मागं घुटमळते. मंग तोंड गोल केलं, मागं निमुळती शेपूट काढली. रोहू मासोळीच! आता मागं काही आहे हे गाडीले कळत नाही. सातवी नापासाचं डोकं आहे हे!

६ फेब्रुवारी, कोंढा

सुट्टी घेऊन घरापर्यंत ओढतच आणली. आज आईले मागं बसवून निघालो. एकाही गावात कोणी थांबवलं नाही! एक म्हातारी तर बंद ट्रॉली पाहून हात जोडून उभी राहिली. आई म्हणे, "तिले वाटलं आपण मयत घेऊन चाललो." हसत होती, पण मासळी तशीच उरली. उघड्या टोपल्यातली फडफडती मासोळी पाहूनच लोक तिले हाक मारतात. तिच्या पोराले हे कळू नये?

७ फेब्रुवारी

झाकण कापलं. वर जाळी. वारा थोडा घुटमळंल, घुटमळू दे.

१० फेब्रुवारी

"जिजाबाई, आज काय आणलं व?" — गावोगाव तेच. बाजार गाठायच्या आधीच ट्रॉली रिकामी! रंजू रोज माझ्या मागं — दादा, गाडी तं येते मले, पण वळताना ट्रॉली कुकडं जाते, मागं कशी घ्याची? कॉलेजचा अभ्यास कर म्हटलं. जेवताना बाबा म्हणाले, "तू गेल्यावर हे ओढंल कोण? मले तं सायकलबी येत नाही."

१३ फेब्रुवारी

ठरलं. परत जात नाही. माझ्याशिवाय आईचं चालणार नाही. मालकाले फोनवर सांगितलं. ट्रकच्या तोंडाले असाच गोल आकार देऊन पाहू, असं आमचं ठरलं होतं. ते आता राहिलं.

१४ फेब्रुवारी

उठलो तं अंगणात गाडी नाही, ट्रॉलीबी नाही. बाबा जाळं सांधत बसले होते. "आईले मागं बसवून रंजू घेऊन गेली," म्हणाले. "तुले उठवत होतो. आई म्हणाली, झोपू द्या त्याले."