नालीत ओतलेली घागर

माय, आज आपल्या गल्लीतली नाली काढली. एकटीनंच काढली. रोहिण्या निघायच्या आत नाली मोकळी पाहिजे हा तुझा नेम, तो तू गेल्याला इतकी वर्षं झाली तरी माझ्या अंगातून जात नाही. भोकरदनला आता दारोदारी सिमेंटचे ओटे झालेत. ओट्याखालची नाली दिसत नाही, म्हणून ती कुणाचीच नाही. सांगायला जावं तर पालथ्या घड्यावर पाणी. आणि अर्ध्या घरांना कुलपं, सांगू तरी कुणाला?

तुझ्या वेळी प्रत्येक घर आपल्या दारापुढची फरशी उचलायचं. एकदा मी उपसलेला गाळ तिथंच काठावर टाकून हात धुवायला निघाले, तर तू सगळ्यांदेखत ओरडलीस, "पाऊस तुला इचारून तो परत आत ढकलनार हाय का? उचल जल्दी, घमेल्यात भर!" फार राग आला होता मला. शेवटी तू गल्लीच्या वरच्या टोकाला, हापशाजवळ, घागरीवर घागर ओततेस. आम्ही आपापल्या दारात उभे. पाणी पुढून गेलं की ज्यानं त्यानं हाळी द्यायची. मी ओरडते, "आलं!" मग पुढची घरं ओरडतात, आणि अगदी खालून, सडकेजवळच्या दारातून, सगळी गल्ली जिला खाला म्हणायची ती तुझी मुसलमान मैत्रीण ओढणी सावरत ओरडते, "आ गया, बाई, आ गया!" ते ऐकल्याशिवाय तू घागर खाली ठेवत नाहीस. मग सगळ्यांचा चहा खालाकडे.

खालाही गेली. तिच्या बंद घराच्या ओट्याखालीच नाली तुंबली आणि गेल्या साली पाणी आपल्या घरात शिरलं. संभाजीनगरहून लेकाचा फोन आला, "आई, बस झालं आता. इकडं ये राहायला." मी म्हटलं, "यंदा पाणी शिरलं तर येते, मंग काही बोलणार न्हाई."

म्हणून आज तिच्या ओट्याखाली बांबू घालून घालून प्लास्टिक काढलं, गुटख्याच्या पुड्या काढल्या, गाळ घमेल्यानं लांब नेऊन टाकला. दुचाकीवरचा एकजण थांबला, "मावशी, तुम्ही कशाला करून राह्यल्या?" म्हटलं, "मंग तू करतो का?" तो हसून निघून गेला.

नंतर हापशाजवळ घागरी ओतल्या आणि सवयीनं तिथंच उभी राहिले. कुणाची हाळी येणार होती? मग चालत खाली गेले. पाणी खालाच्या दारापुढून बराबर वाहत सडकेच्या मोठ्या नालीत पडत होतं. त्या कुलपासमोर मी मोठ्यानं म्हणाले, "आलं!" आणि फार एकटं वाटलं, माय.

लेकाला सांगितलं, नाली चांगली वाहतेय, काळजी करू नको. हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून तुला सांगते. खाली चालत जाताना, पाणी दिसायच्या आधी, ते कुठंतरी अडकलेलं असावं असं मला वाटत होतं.