अप्पांच्या लेबलामागचा कंडेन्सर

प्रिय विरेश,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. पण पत्र असंच सुरू करायचं, असं अप्पांनी लहानपणी शिकवलंय, म्हणून लिहिलं. माया उतू चाललीय असं समजू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि पत्र काही कट करता येत नाही.

तामलवाडीजवळ हॉटेल असलेले रणधीर सोमवारी आपल्या येडशीच्या दुकानात आले आणि तू पुण्यात त्यांना विकलेला व्हॉल्व्हचा रेडिओ त्यांनी टेबलावर आदळला. हॉटेलात साखरपुडा होता. हौसेनं रेडिओ लावला, तर आतला कंडेन्सर फुटला, धूर झाला, पाहुणे ताटावरून उठले. रेडिओच्या आत लेबल होतं, 'शंभुलिंग रेडिओ, येडशी'. म्हणून ते तुझ्याकडे न जाता इथं आले. मास्तर, दिसत न्हाय तर कशाला हात घालताव, असं त्यांनी अप्पांना भर दुकानात सुनावलं.

दसऱ्याला आलास तेव्हा या लेबलांचा गठ्ठा 'आठवण म्हणून' नेला होतास. आठवणही विकायला काढशील असं वाटलं नव्हतं.

रणधीर गेल्यावर मी रेडिओ उघडला. मी रोज मिक्सर-पंखेच दुरुस्त करते, पण अप्पांच्याच हाताखाली शिकलेय. जुन्या कंडेन्सरचं डबडं तू बुडाशी कापलंस, आतला वाळलेला मसाला काढलास, दुसरा कंडेन्सर कोंबलास आणि जोड दिसणार नाही असं बूड परत चिकटवलंस. का, तर गिऱ्हाइकाला सांगता यावं की रेडिओ अस्सल आहे, अप्पांच्या नंतर कुणी हात लावलेला नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा. बरं, लबाडी तरी नीट करायचीस. कोंबलेला कंडेन्सर भंगारातल्या कॉम्प्युटरचा, दोनशे व्होल्टचा. व्हॉल्व्हच्या रेडिओत अडीचशेच्या वर दाब असतो, हे अप्पांनी तुला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं.

आणि त्यांची रीत विसरलास? बदललेला कंडेन्सर फेकायचा नाही, दोऱ्यानं बांधून रेडिओच्या खोक्यातच ठेवायचा. काय गेलं, काय नवं घातलं, ते मालकालाही कळावं आणि पुढच्या कारागिरालाही. ते दोरे तूच बांधायचास, जीभ बाहेर काढून. तेव्हा किती गोड वाटायचास. आता तुझी आठवण आली की संताप येतो.

त्या दिवसापासून अप्पांनी सोल्डर गन हातात घेतलेली नाही. बेंबळीच्या प्रेमाबाईंचा रेडिओ अर्धा उघडा पडलाय, तो तसाच परत नेऊन दे म्हणाले.

मी त्यांना फुटका कंडेन्सर दाखवला, कापलेलं बूड दाखवलं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लेबल माझं हाय, म्हंजे हात बी माझाच. मीच बसवला आसंल. आता ध्यानात ऱ्हात न्हाय." हे विरेशचं काम आहे असं मी स्पष्ट सांगितलं, तर माझ्यावरच चिडले. "त्याला म्या शिकवलंय. त्यो असलं करणार न्हाय." म्हणजे मी खोटारडी, ते निकामी, आणि तू तेवढा धुतल्या तांदळाचा.

म्हणून लिहितेय. माझी माफी मागू नकोस, मला ती नकोय. येत्या रविवारी ये, त्यांच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडानं सांग की ते तू केलंस. तुझ्यावरचा त्यांचा विश्वास जाईल, जाऊ दे. काल चहाची कपबशी पुढं केली तर त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "राजू, म्या धरू का गं?"

तुझीच, कारण नातं बदलून मिळत नाही,
राजेश्वरी अक्का