खालच्या मजल्यावरून ठोके

१४ नोव्हेंबर २००४, बो, पूर्व लंडन
पुन्हा ठोके! खालच्या मिस्टर ऑस्बर्ननी झाडूचा दांडा छताला हाणला – आमच्या जमिनीखालून तीन ठोके. माझ्या धाकट्या भावाने, एबोने, जुळवत असलेलं गाणं बंद केलं, गळ्यातला हेडफोन पलंगावर फेकला. "म्हातारा झोपतही नाही का?" आई स्वयंपाकघरातून ओरडली, "कौन्सिलकडे दोन तक्रारी गेल्यात. तिसरी गेली की कौन्सिलचं हे घर गेलं! मग गा रस्त्यावर!"

शेवटी मीच नियम केला. ज्या गाण्यावर ठोके पडतील, ते घरात पुन्हा लावायचं नाही. शेजाऱ्यालाही हक्क असतो. "पदवीधर बाई आल्या न्याय करायला!" – एबो. पण ऐकलं त्याने. कुरकुरला तरी माझं ऐकतो.

२१ नोव्हेंबर
आज ठोके नाहीत.

५ डिसेंबर
एक गंमत! ठोके आवाजावर अवलंबून नाहीत. बासरीचं गाणं आज इतकं हळू लावलं होतं की केळी तळणाऱ्या आईला ऐकूही गेलं नाही – तरी ठोके. मागे एकदा खिडक्या थरथरत होत्या, तेव्हा खाली शांत. मग कशावर? वहीत तक्ता आखलाय – गाणं, आवाज, ठोके. समाजशास्त्र शिकले ते कुठेतरी वापरायला नको?

एबो कुरकुरतो, "माझी भारी गाणीच बरी खुपतात त्याला!" मी हसले. बंद पडलेलं गाणं प्रत्येकालाच भारी वाटतं.

१६ जानेवारी २००५
बारा गाणी पूर्ण. ठोक्यांची सात अर्धवटच राहिली – घरात नाही तर काम करणार कुठे? एक छोटी कंपनी अल्बम काढतेय. एबोने त्यासाठी गोदामाची नोकरी सोडली. "नाही चालला तर परत खोकी उचलायची," म्हणाला. हसत. मला हसू आलं नाही.

१३ मार्च
अल्बम आला!! आईने चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं. मुखपृष्ठ मात्र दाखवलं नाही – एबोने फोटोत टोपी काढलेली नाही.

२० मार्च
विनापरवाना रेडिओवर आज अल्बम वाजला. तिथे गाणं आवडलं की लोक मिस्ड कॉल देतात, मग वाजवणारा तबकडी मागे ओढतो आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. एबोबरोबर मीही स्टुडिओत होते, तिथला फोन माझ्या हातात. बारा गाण्यांना तीन कॉल. एक आईचा.

वाजवणारा रोमेन एबोला म्हणाला, "भावा, नीट झालंय." मग तबकडी परत देत, "फारच नीट झालंय."

संगीताच्या एका मासिकात चार ओळी आल्यात : 'शेजाऱ्यांना त्रास न देणारं ग्राइम.' ग्राइम म्हणजे भिंती हादरवणारं इथल्या पोरांचं रॅप – आणि त्रास न देणारं! एबोने ते पान उशीखाली ठेवलंय. का, कोण जाणे.

२७ मार्च
गोदामात फोन केला त्याने. पुढच्या रविवारी दुपारपासून कामावर.

३ एप्रिल
लिफ्ट बंद. मिस्टर ऑस्बर्नच्या पिशव्या घरापर्यंत नेऊन दिल्या. पहिल्यांदाच आत गेले. कपाटाएवढे जुने स्पीकर! म्हटलं, "काका, आमच्या गाण्यांचा इतकी वर्षं त्रास झाला, माफ करा."

"त्रास? त्या तक्रारी माझ्या नव्हेत. पोरी, तो पोरगा मध्येच बंद का करतो? जमैकात, किंग्स्टनला, आम्ही गाणं आवडलं की भिंत बडवायचो – पुन्हा लाव म्हणून! मी बडवतोय, बडवतोय, आणि हा बंद! गुडघे धड असते तर वर येऊन कान उपटला असता."

जिना धावत चढले. एबो कामाचे बूट घालत होता. "काढ ते. माझा नियम चुकला. बासरीचं लाव."